डोक्याला मार लागलेल्या माणसाला सात दिवस द्या

डोक्याला मार लागलेला माणूस आत आयसीयूत असतो, त्याचे लोक बाहेर बाकावर बसलेले असतात, आणि डॉक्टर बाहेर आले की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: वाचेल का ओ? आजवर या प्रश्नाला सावध उत्तरं मिळत आली. चोवीस तास जाऊ देत, बघूया, आत्ताच काही सांगता येत नाही. ही उत्तरं आता बदलणार आहेत. मेंदूला इजा झाली की त्याच्या पेशींतली काही प्रथिनं रक्तात उतरतात, आणि ती मोजली तर मरणाची शक्यता पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी सांगता येते, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. ही तपासणी आज ना उद्या बेळगावातही होऊ लागेल. ती व्हावी, लवकर व्हावी, असंच माझं मत आहे. पण तिच्या आकड्याच्या जोरावर पहिल्या सात दिवसांत कुणाचेही उपचार थांबणार नाहीत, हा नियम त्या यंत्राच्या आधी इथे पोहोचला पाहिजे.

आधी ही तपासणी काय आहे ते बघू. दोन प्रथिनं सध्या सगळ्यात पुढे आहेत. जीएफएपी हे मेंदूतल्या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींचं, आणि यूसीएच-एल१ हे खुद्द चेतापेशींचं. एरवी ती रक्तात जेमतेम सापडतात. मार लागून पेशी फुटल्या, मेंदू आणि रक्त यांच्यातला अडसर सैल झाला, की तासाभरात ती रक्तात दिसू लागतात. यूसीएच-एल१ साधारण आठ तासांनी शिखर गाठतं, जीएफएपी वीसेक तासांनी. यांच्याही आधी एस१००बी नावाचं प्रथिन वापरात आलं होतं. स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला जागाही दिली. पण ते चरबीतून आणि मोडलेल्या हाडांतूनही रक्तात येतं, आणि मोटरसायकलवरून फेकल्या गेलेल्या माणसाचं फक्त डोकंच फुटलंय असं क्वचित होतं. त्या मानाने जीएफएपी मेंदूशी जास्त इमान राखतं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ च्या फेब्रुवारीत या जोडीच्या तपासणीला परवानगी दिली. ती कशासाठी दिली, हे नीट बघायला हवं. किरकोळ मार वाटतो अशा प्रौढ माणसाला सीटी स्कॅनची गरज आहे का, एवढं ठरवायला मदत म्हणून. कोण जगेल आणि कोण मरेल हे सांगण्यासाठी ती परवानगी नव्हती. तिच्यामागच्या अभ्यासात १,९५९ रुग्ण होते, आणि तपासणी निगेटिव्ह आली त्यांतल्या ९९.६ टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये खरोखरच इजा दिसली नाही. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये रुग्णाच्या खाटेपाशीच, साध्या रक्तावर, पंधरा मिनिटांत निकाल देणारं हातात मावणारं यंत्र तिथे मंजूर झालं.

हे यंत्र मला खानापूरच्या, चिकोडीच्या सरकारी दवाखान्यात हवं आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, आणि मागून येणारा मोटरसायकलवाला त्यांच्यावर आदळतो. चोर्ला घाटाच्या वळणांवर, पुणे-बेंगळुरू हायवेच्या सर्व्हिस रोडवर, लोंढ्याकडच्या जंगलातल्या रस्त्यावर हेच चालू असतं. पावसाळ्याआधी घराची कौलं शाकारताना पडणारे आहेत, नारळावरून पडणारे आहेत. यातले बरेचजण पहिल्यांदा पोहोचतात ते तालुक्याच्या दवाखान्यात, तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर असतो, आणि स्कॅन करायचं म्हटलं की बहुतेक वेळा बेळगाव गाठावं लागतं. माणूस बोलतोय, चालतोय, तोंडाला दारूचा वास येतोय. याला पाठवायचं की सकाळपर्यंत ठेवून घ्यायचं? दारू प्यायलाय, झोपू दे, असं म्हणून कोपऱ्यात ठेवलेला माणूस पहाटे उठलाच नाही, अशा गोष्टी आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात. तिथे रक्तातला वाढलेला आकडा डॉक्टरला हलवतो. गाडी बोलवा, आत्ता न्या. डोक्याच्या इजेत रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं स्वस्त इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिलं तर कमी आणि मध्यम इजेच्या रुग्णांत मरण कमी होताना दिसलं आहे. २०१९ चा तो अभ्यास २९ देशांतल्या बारा हजारांवर रुग्णांचा होता. सगळा खेळ त्या तीन तासांचा, आणि यंत्राची खरी जागा तिथे आहे.

पण तेच रक्त, तेच प्रथिन दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर देऊ लागलं आहे, आणि मला काळजी आहे ती त्याची. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या मोठ्या अभ्यासाचा एक भाग २०२२ साली प्रसिद्ध झाला. १,६९६ जखमींचं पहिल्या दिवसाचं रक्त तपासून सहा महिन्यांनी कोण कुठे आहे ते पाहिलं गेलं. मरणाच्या बाबतीत जीएफएपीची अचूकता ०.८७ निघाली, यूसीएच-एल१ची ०.८९. याचा सरळ अर्थ असा: त्यातला एक मेलेला आणि एक जगलेला असे दोघं घेतले, तर शंभरातल्या ८७ किंवा ८९ जोड्यांत मेलेल्याच्या रक्तातला आकडा जास्त होता. वैद्यकात हा आकडा भक्कम मानतात. पण त्याच अभ्यासात दुसरा एक प्रश्न होता, तो बातम्यांत येत नाही. माणूस पूर्ण बरा होईल की काही उणीव राहील? तिथे अचूकता ०.६१ आणि ०.६२ वर घसरली. नाणं उडवलं तर ०.५ मिळते.

आणि शंभरातल्या उरलेल्या अकरा-तेरा जोड्या विसरता येत नाहीत. त्यांत जास्त आकड्याचा माणूस जगला आहे. खाटेवरचा आपला माणूस त्यांतला आहे का, हे रक्त सांगत नाही. समूहाबद्दल खरं असलेलं विधान एकट्या माणसावर ठेवलं की त्याचं वजन बदलतं, आणि ते वजन पेलायची तयारी आपल्या दवाखान्यांच्या व्हरांड्यात कुठेही नाही.

त्याच ट्रॅक-टीबीआयमधून २०२१ साली आलेलं एक निरीक्षण डोक्याच्या इजेबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. मार लागून दोन आठवडे झाले तरी ज्यांना भान नव्हतं, डोळे उघडे पण ओळख नाही अशा अवस्थेत जे पडून होते, अशा ७९ जणांपैकी ६२ जण वर्षभरात शुद्धीवर आले. ज्यांची पुढची माहिती मिळाली त्यांतल्या चौथ्या हिश्श्याला आपण कोण, कुठे, आज काय वार, हे पुन्हा कळू लागलं. दोन आठवड्यांनंतरची ही गोष्ट आहे. आपल्याकडे दोन आठवडे थांबतो कोण?

रक्तातल्या आकड्याची एक अडचण वेळेची आहे. आठ तासांनी चढणारा आणि वीस तासांनी चढणारा आकडा कधी घेतला यावर त्याचा अर्थ ठरतो. शेताच्या बांधाशी सकाळी सापडलेल्या माणसाला मार कधी लागला हे सांगणारं कुणी नसतं. म्हाताऱ्या माणसात जीएफएपी मुळातच थोडं जास्त असतं. याहून मोठी अडचण, हे आकडे ज्या रुग्णालयांतून आले तिथे चोवीस तास न्यूरोसर्जन आहे, मेंदूचा दाब मोजायची सोय आहे, व्हेंटिलेटरवर एकेका रुग्णामागे नर्स आहे, आणि नंतर महिनोन्‌महिने पुनर्वसन आहे. तीच इजा, तोच आकडा, पण शेवट जागेवर अवलंबून. हे काही माझं अनुमान नव्हे. २००८ साली दहा हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून डोक्याच्या इजेचं भाकीत करायचं 'क्रॅश' हे गणित बसवलं गेलं, तेव्हा श्रीमंत देशांसाठी एक आणि गरीब व मध्यम देशांसाठी वेगळं, अशी दोन गणितं मांडावी लागली. बेळगाव-खानापूरच्या माणसाचं भविष्य परदेशी तक्त्यावर वाचायचं असेल तर आधी इथल्या रुग्णांवर तो तक्ता तपासून घ्यायला हवा. बेळगावात मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सरकारी आहे, खासगी आहे. हे काम त्यांनी केलं तर सीमेच्या दोन्ही बाजूंना उपयोग होईल.

आता मुख्य मुद्दा. मरणाचं भाकीत स्वतःला खरं करू शकतं. वाचणार नाही असं ठरलं की उपचार काढले जातात, उपचार काढले की माणूस मरतो, आणि मेला म्हणून भाकीत बरोबर होतं अशी नोंद पडते. २०११ साली कॅनडातल्या सहा ट्रॉमा केंद्रांतल्या ७२० गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मेलेल्यांपैकी सत्तर टक्के जण जीवनाधार काढून घेतल्यावर मेले होते, आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या तीन दिवसांत. केंद्रागणिक हे प्रमाण ४५ पासून ८७ टक्क्यांपर्यंत बदलत होतं. इतका फरक इजेमुळे पडलेला नसावा, तो त्या त्या ठिकाणच्या डॉक्टरांच्या मनातल्या आशा-निराशेचाही असणार. अमेरिकेतल्या न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीने २०१५ साली म्हणूनच सांगितलं, की अतिगंभीर मेंदू-इजेत निदान ७२ तास तरी असा निर्णय घेऊ नका.

कॅनडात निदान डॉक्टर आणि घरचे बसून, चर्चा करून, नोंद ठेवून थांबवतात. आपल्याकडे उपचार थांबतात ते वेगळ्याच वाटेने. दवाखान्यातले लोक त्याला 'डामा' म्हणतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिलाचा आकडा समोर येतो, कुणीतरी हळूच सांगतं की फारशी आशा नाही, घरात वडीलधारे बसतात, म्हशी विकून झाल्या, आता जमीन उरली असं बोलणं होतं, आणि एक सही किंवा अंगठा उठतो. ॲम्ब्युलन्स गावाकडे वळते. हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देत नेलेला माणूस घरी पोहोचून तासाभरात जातो. याची नोंद कुठे 'उपचार थांबवल्याने मृत्यू' अशी होत नाही.

या व्हरांड्यात उद्या छापील कागदावर प्रयोगशाळेचा आकडा आला तर काय होईल? डॉक्टरचं 'बघूया' हे वाक्य घरच्यांना थोडी जागा ठेवतं. कागदावरचा आकडा ती जागा ठेवत नाही. आपल्या लोकांचा रिपोर्टवर विश्वास फार. रिपोर्टमध्ये आलंय म्हटलं की वाद संपतो. पैसे संपत आलेल्या घराला तो आकडा निमित्तही देईल, आणि मी त्या घराला दोष देणार नाही.

कायद्याची गंमत नव्हे, दुःख असं की या बाबतीत कायदा अतिशय काळजीपूर्वक लिहिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. जीवनाधार काढायचा तर रुग्णालयाचं एक मंडळ, त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. त्यावर दुसरं मंडळ, त्यातही तिघे, एक जण जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला. घरच्यांची संमती वेगळी. जानेवारी २०२५ च्या अखेरीस कर्नाटक सरकारने हे राबवण्याचा आदेश काढला, अशी पावलं उचलणाऱ्या पहिल्या राज्यांत कर्नाटक आहे, आणि त्याबद्दल या सरकारचं कौतुक करायला मला मुळीच संकोच वाटत नाही. पण बघा, सन्मानाने थांबायचं तर सहा डॉक्टर लागतात, आणि पैशाअभावी थांबायचं तर एक अंगठा पुरतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो डॉक्टरांकडून येतो तितकाच गावाकडच्या शहाण्या माणसांकडूनही येतो. खोट्या आशेवर किती घरं बुडाली ते तुम्ही बघितलंय का? जो वाचणारच नाही त्याला महिनाभर व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवणारेही आहेत. त्या घराला पहिल्याच दिवशी खरं सांगणारा आकडा मिळाला तर तो त्यांच्यावर उपकार नाही का? आक्षेप खरा आहे. कुटुंबाला सत्य कळण्याचा हक्क आहे, आणि आकडा लपवून ठेवा असं मी म्हणत नाही. पण पहिल्या दिवशी जे हातात असतं ती शक्यता असते. तिला सत्याची जागा मिळायला वेळ लागतो: पुन्हा स्कॅन, डोळ्यांच्या बाहुल्यांची हालचाल, गुंगीची औषधं कमी करून पाहिलेली शुद्ध, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासलेलं रक्त. सात दिवसांनी हे सगळं एका बाजूला झुकलं तर थांबण्याचा सल्ला स्पष्ट शब्दांत द्यावा, मंडळासमोर न्यावं, आणि घरच्यांच्या डोक्यावरचं ओझं डॉक्टरांनी वाटून घ्यावं. महिनाभराची लूट तेव्हा आपोआपच थांबते.

सात हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. केंद्र सरकारने ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. सीमाभागाच्या दृष्टीने तिची मोठी गोष्ट ही, की जखमी कुठल्या राज्याचा हे ती विचारत नाही. आपल्याकडे याचं मोल किती आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस पडला तर त्याला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. कर्नाटकातल्या निपाणीचा पडला तर बेळगाव लांब आणि कोल्हापूर जवळ. महाराष्ट्राने २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली, आणि एका आरोग्य कार्डाचा सीमातंटा झाला. सीमाप्रश्नावर माझं मत काय, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पण फुटलेल्या डोक्याला काही तासांचीच मुदत असते आणि सीमेचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. दोन्ही सरकारांनी निदान डोक्याच्या इजेपुरती एकमेकांची कार्डं आपापल्या दवाखान्यांत चालवून घ्यावीत. कौलांवरून पडलेल्याला अपघात योजनेचे सात दिवसही मिळत नाहीत, कारण त्याला कुठल्या गाडीने उडवलेलं नसतं. त्याच्यासाठी राज्याने सोय करायला हवी.

भाषेचंही बोलायला हवं, थोडक्यात. संमतीचे आणि डिस्चार्जचे कागद इथे बहुधा कानडीत आणि इंग्रजीत असतात. ज्या बाईचा नवरा आत आहे आणि जिने मराठी शाळेत सातवीपर्यंत शिक्षण घेतलं आहे, तिला कशावर सही करतोय हे कुणीतरी घाईघाईने तोंडी सांगतं. जतकडची कानडी माणसं मिरजेच्या दवाखान्यात नेमकी हीच अडचण उलट बाजूने भोगतात. मेंदूच्या इजेची शक्यता समजावून सांगणं मातृभाषेतही कठीण आहे. 'शंभरातले ऐंशी जण' हे वाक्य कानावर पडलं की 'आपला जाणार' एवढंच डोक्यात उतरतं. ते समजावणारा माणूस घरच्यांच्या भाषेत बोलणारा हवा, आणि कागद दोन्ही बाजूंना तिन्ही भाषांत हवा. यात कुणाचा झेंडा उतरत नाही.

हेल्मेटचंही एकदा म्हणून ठेवतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि हेल्मेट न घातल्यामुळे गेलेले ५०,०२९ होते. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट २०१६ पासून सक्तीचं आहे. यात्रेच्या दिवसात येळ्ळूरच्या किंवा सौंदत्तीच्या रस्त्यावर उभं राहून ती सक्ती शोधून बघावी.

तर मागणी अशी, आणि ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या पातळीवरही मान्य होऊ शकते. डोक्याला मार लागलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल आणि सात दिवस झाले नसतील, तर 'डामा'च्या कागदावर घरच्यांच्या सहीशिवाय आणखी दोन सह्या असाव्यात: उपचार करणाऱ्या डॉक्टरची, आणि त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या एका डॉक्टरची. रक्तातल्या प्रथिनाचा आकडा हे एकटं कारण म्हणून त्या कागदावर चालू नये. घेऊन जाण्याचं कारण पैसा असेल तर तसं स्पष्ट लिहावं, आणि तो कागद त्याच दिवशी जिल्हा आरोग्य कार्यालयात जावा, म्हणजे सरकारी खाट रिकामी असेल तर रुग्णाला तिकडे हलवता येईल. वर्षाअखेर असे किती कागद जमले, त्यांतल्या कितींवर पैसा हे कारण होतं आणि घरी नेलेल्यांपैकी कोण जगलं, हे आरोग्य खात्याने जाहीर करावं. रक्ततपासणीचं यंत्र विकत घेण्याचा प्रस्ताव ज्या दिवशी जिल्ह्यात येईल, त्याच बैठकीत हा कागद मंजूर व्हायला हवा.